जुन्या गाडीचा कर आणि 'वाहन' पोर्टल: घेणाऱ्याच्या बाजूने केलेले परीक्षण

जुनी मोटार घेताना माणसे बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, टायरची नक्षी बघतात, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतात. कराचा विषय निघाला की विकणारा म्हणतो, "लाइफटाइम टॅक्स भरलेला आहे, साहेब," आणि बोलणे तिथेच संपते. बऱ्याच वेळा ते खरेही असते. नसते तेव्हा मात्र भुर्दंड घेणाऱ्याला बसतो, कारण महाराष्ट्राच्या १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यानुसार थकलेला कर गाडीबरोबर नव्या मालकाकडे चालत येतो. "आधीच्याने बुडवला, मी काय करू?" हे उत्तर आरटीओच्या खिडकीवर चालत नाही.

ही खातरजमा घरबसल्या करण्याचे सरकारी साधन म्हणजे परिवहन सेवेतले 'वाहन' पोर्टल आणि त्याचा मोबाइलवरचा जोडीदार, एमपरिवहन अ‍ॅप. दोन्ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभी केली आहेत. गाडी बघायला जाण्याआधी माहिती काढायला हेच वापरायचे आणि सौदा ठरल्यावर नाव बदलायचा अर्जही इथूनच करायचा. खासगी वापराची जुनी गाडी घेणाऱ्याला ही सेवा कराच्या बाबतीत कितपत सांभाळून घेते, एवढाच प्रश्न इथे तपासला आहे.

मत आधीच सांगतो. गाडी महाराष्ट्रातच नोंदलेली, एखाद्या व्यक्तीच्या नावावरची आणि १५ वर्षांच्या आतली असेल तर ही सेवा खरोखर चांगली आहे. दहा मिनिटांत कराचे चित्र स्पष्ट होते. या तीनपैकी एक जरी अट मोडली, तरी पोर्टल जे दाखवते ते अपुरे पडते आणि उरलेला हिशोब घेणाऱ्याने स्वतः मांडावा लागतो. हा हिशोब पोर्टलवर कुठेच लिहिलेला नसल्याने पुढचा बराचसा मजकूर त्याच्याबद्दल आहे.

नंबर टाकल्यावर काय दिसते

मोबाइल क्रमांकाने लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला की एक लांबलचक पान उघडते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरे तारांकित असतात. तरी आद्याक्षरे आणि अक्षरांची संख्या विकणाऱ्याच्या आधार कार्डाशी जुळवून बघता येते. नोंदणीची तारीख, आतापर्यंतचा कितवा मालक, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत, कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, गाडी काळ्या यादीत आहे का, एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) निघाली आहे का, आणि 'टॅक्स अपटू' हा रकाना. कराचा विचार करताना यातले चार रकाने एकत्र वाचायचे असतात; एकटा कराचा रकाना फसवतो.

'टॅक्स अपटू' समोर 'एलटीटी' (लाइफटाइम टॅक्स) किंवा 'ओटीटी' (वन टाइम टॅक्स) अशी अक्षरे असतील तर एकरकमी कर भरला आहे असा अर्थ. महाराष्ट्रात खासगी मोटारींना नोंदणीच्या वेळीच हा कर भरावा लागतो, त्यामुळे बहुतेक गाड्यांपुढे हेच दिसेल. तिथे एखादी तारीख दिसली तर लगेच थांबायचे. तारीख दिसते म्हणजे त्या गाडीचा कर ठरावीक काळापुरता भरला जातो आहे. अशी गाडी टॅक्सी किंवा पर्यटक परवान्यावर धावलेली असू शकते किंवा बीएच (देशभर चालणाऱ्या पाटीच्या) मालिकेतली असू शकते. दोन्हींचे हिशोब वेगळे आहेत, पुढे येतीलच.

दुसरा रकाना 'फिटनेस अपटू'. खासगी गाडीला दर वर्षी फिटनेस करावे लागत नाही, म्हणून अनेकांना हा रकाना आपल्या कामाचा वाटत नाही. प्रत्यक्षात खासगी मोटारीपुढे इथे येते ती नोंदणीची मुदत संपण्याची तारीख: पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे. ही तारीख दीड-दोन वर्षांवर आली असेल तर पुढचा मोठा खर्च तुमच्या वाट्याला येणार आहे, आणि तो आजच्या भावातून वजा व्हायला हवा.

तिसरा रकाना एनओसीचा. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणून आधीच्या मालकाने एनओसी काढली असेल तर ती रद्द झाल्याशिवाय किंवा वापरली गेल्याशिवाय नाव बदलण्याचा अर्ज पुढे सरकत नाही. चौथा रकाना काळ्या यादीचा. गाडी काळ्या यादीत असेल किंवा तिच्यावर व्यवहारबंदीची नोंद असेल, तर कर भरलेला असूनही अर्ज अडतो.

इथे पोर्टलची पहिली मोठी उणीव दिसते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे ई-चलान वेगळ्या संकेतस्थळावर आणि वेगळ्या अ‍ॅपवर बघावे लागते. देशाच्या ई-चलान संकेतस्थळावर सगळे सापडेल असे धरून चालू नका. दोन्हीकडे नंबर आणि चेसिस क्रमांकाची शेवटची अक्षरे टाकून बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेहमी ये-जा करणाऱ्या गाडीवर वेगमर्यादा मोडल्याची चलाने साठलेली असणे ही अगदी रोजची गोष्ट आहे आणि विकणाऱ्याला स्वतःलाही त्यांचा पत्ता नसतो. चलान म्हणजे कर नव्हे, पण नाव बदलताना ते कराइतकेच आडवे येते.

'भरला आहे' म्हणजे नेमके काय भरले

एकरकमी कराची रक्कम किती मोठी असते याचा अंदाज असला की पुढचे धोके समजतात. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के असा दर आहे. डिझेलला हेच आकडे १३, १४ आणि १५. सीएनजी आणि एलपीजीला १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढून ८, ९ आणि १० झाले. त्याच दिवशी एकरकमी कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. म्हणजे नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ९९,००० रुपये आणि तेवढ्याच किमतीच्या डिझेलवर १,१७,००० रुपये कर. राज्यातल्या राज्यात गाडी विकली जाते तेव्हा हा कर पुन्हा भरायचा नसतो. एमएच १५ ची नाशिकची गाडी पुण्यात आली तरी नंबर तोच राहतो, करही तोच. "ट्रान्सफरला टॅक्स लागेल" असे सांगून एजंट पैसे मागत असेल तर त्याला कराची पावती कोणत्या नावाने मिळेल एवढेच विचारा.

कंपनीच्या नावावरच्या गाड्यांचे गणित निराळे. कंपनीच्या नावाने नोंदलेल्या आणि परदेशातून आयात केलेल्या मोटारींना दर सरळ २० टक्के आहे. त्यामुळे व्यक्तीच्या नावावरची जुनी गाडी तुम्ही आपल्या खासगी मर्यादित कंपनीच्या नावाने घेणार असाल तर आरटीओ दरातला फरक मागते. पोर्टलवर 'एलटीटी' दिसत असतानाही हा फरक निघतो. त्या रकान्याला घेणारा कोण आहे हे ठाऊकच नसते. छोट्या उद्योजकांची चूक इथेच होते. सीए सांगतो, "कंपनीत घ्या, घसारा मिळेल," आणि नव्या नावाचा अर्ज भरताना कराचा आकडा समोर येतो. उलट दिशेने, म्हणजे कंपनीकडून व्यक्तीकडे गाडी येताना, जास्त भरलेला कर परत मिळेल असे धरून भाव ठरवू नका.

टॅक्सीची खासगी झालेली गाडी ओळखणे सोपे आहे, पण बघावे लागते. पिवळी पाटी काढून पांढरी लावल्यावर गाडी दिसायला नेहमीसारखीच दिसते. पोर्टलवर वाहनाचा वर्ग बघा, मग आधीच्या विमा पॉलिसीवरचा वर्ग बघा. परवाना परत करणे, वर्ग बदलणे आणि खासगी वापराचा एकरकमी कर भरणे ही तिन्ही कामे पुरी होऊन आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद झालेली असेल तरच गाडी घ्यावी. "रूपांतर चालू आहे, आठवड्यात होईल" या शब्दावर पैसे देऊ नयेत, कारण त्या आठवड्यात निघणारी थकबाकी आणि तिच्यावरचे व्याज कोणी भरायचे यावरून भांडण ठरलेले.

पंधरा वर्षांची गाडी

एकरकमी कर भरला म्हणजे गाडी मोडीत जाईपर्यंत काही भरायचे नाही, हा समज 'लाइफटाइम' या शब्दाने पसरवला आहे. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ते पाच वर्षांसाठी मिळते. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींना ते १०,००० रुपये केले. आयात केलेल्या मोटारींचे आकडे याहून कितीतरी मोठे आहेत. या शुल्काशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो, तोही पाच वर्षांच्या हप्त्याने आणि पेट्रोल-डिझेलनुसार वेगळ्या दराने.

सगळ्यात महाग पडतो तो उशीर. नोंदणी संपूनही नूतनीकरण केले नाही तर मोटारीला दर महिन्याला, किंवा महिन्याच्या भागाला, ५०० रुपये जादा शुल्क लागते. अडीच वर्षे अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीवर हे जादा शुल्कच १५,००० होते. त्यात मूळचे ५,००० आणि पर्यावरण कर मिळवा. गावाकडची "आजोबांची, कमी चाललेली" गाडी ६०,००० रुपयांत मिळते तेव्हा त्या स्वस्ताईचे कारण बऱ्याचदा हेच असते. पोर्टल इथे मुदत संपल्याची तारीख दाखवते, पण आजच्या तारखेला एकूण किती भरावे लागेल ते अर्ज भरायला घेतल्याशिवाय सांगत नाही. हा आकडा नुसता नंबर टाकून दिसायला हवा होता. घेणाऱ्याला त्याची गरज सौदा ठरण्याआधी असते.

आजोबांचाच विषय निघाला म्हणून सांगतो: आरसीवरचा मालक हयात नसेल तर त्याच्या मुलाला मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ वर सही करून गाडी विकता येत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग विकायची. घाई असेल तर वारसाला टोकन द्या, पण पूर्ण रक्कम त्याच्या नावाची आरसी बघितल्यावरच.

दुसऱ्या राज्याचे पासिंग

पोर्टल अपुरे पडते ते सर्वात जास्त इथे, आणि लोकांचे नुकसानही इथेच होते. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर वर्षानुवर्षे निर्बंध राहिल्याने तिथल्या चांगल्या स्थितीतल्या गाड्या कमी भावात इतर राज्यांत जातात. पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, नागपुरात अशा गाड्यांच्या जाहिराती सतत दिसतात. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गात गोवा पासिंगच्या, सोलापूर-सांगलीत कर्नाटक पासिंगच्या गाड्या येतात. पोर्टलवर त्यांच्यापुढे 'एलटीटी' ठळक दिसते. ते खोटे नाही. फक्त तो कर दिल्लीला, गोव्याला किंवा कर्नाटकाला भरलेला आहे. महाराष्ट्राला अजून एक पैसाही मिळालेला नाही.

महाराष्ट्रात अशा गाडीवर कर बसतो तो गाडीचे वय आणि तिची मूळ किंमत यांवरून. तुम्ही ती कितीला घेतली याला महत्त्व नाही. आठ वर्षांपूर्वी १४ लाखांना घेतलेली डिझेल गाडी आज चार लाखांना मिळाली, तरी हिशोब १४ लाखांच्या पायावर सुरू होतो आणि वयाप्रमाणे सूट मिळत खाली येतो. अशा गाडीवर पाच आकडी रक्कम ठरलेलीच. म्हणून गाडीचे पहिले विक्री बिल विकणाऱ्याकडून मागून घ्या. बिल नसेल तर किंमत कोणती धरायची यावरून अर्ज रेंगाळतो.

वेळेबद्दलही गैरसमज आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ४७ सांगते की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. लोक याचा अर्थ "एक वर्ष फुकट चालवता येते" असा लावतात. ही मुदत क्रमांकाची आहे. कर हा राज्याचा विषय आहे आणि तो राज्यात वापरल्या जाणाऱ्या गाडीवर बसतो. कराला वर्षभराची सवलत आहे असे समजू नका. शिवाय तुम्ही गाडी विकत घेतली आहे, त्यामुळे मालकी बदलल्याचे कळवण्याची वेगळी, ३० दिवसांची मुदत तुम्हाला लागू आहेच.

क्रम असा: आधीच्या राज्यातला मालक फॉर्म २८ भरून एनओसी मागतो. कर्ज असेल तर बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवावा लागतो, चलाने आणि कर चुकते करावे लागतात. कलम ४८ प्रमाणे आरटीओने ३० दिवसांत एनओसी द्यायची किंवा कारण देऊन नाकारायची. एनओसीत कोणत्या आरटीओत गाडी जाणार ते लिहिलेले असते. 'पुणे' असे लिहून घेतले आणि घर पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत असेल तर पुन्हा धावपळ, म्हणून आपल्या पिनकोडवरून आरटीओचा संकेतांक आधी काढा: पुणे १२, पिंपरी-चिंचवड १४. मग इकडे नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडीची तपासणी, चेसिस क्रमांकाचा पेन्सिल ठसा, आणि कर. नव्या क्रमांकानंतर नव्या पाट्या आणि विम्यात दुरुस्ती.

आधीच्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा कर परत मिळू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्राचा कायदाही राज्याबाहेर गेलेल्या गाडीच्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत देतो. पण त्यासाठी जुन्या आरटीओत अर्ज, नव्या राज्यातली आरसी, इथे भरलेल्या कराची पावती आणि एनओसीची प्रत लागते. हा परतावा कोणाचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे विक्री करारात एका ओळीत लिहून ठेवा. बेळगावहून कोल्हापूरला किंवा पणजीहून सावंतवाडीला आलेल्या गाडीसाठी जुन्या आरटीओत खेप घालणे जमते. दिल्लीच्या गाडीसाठी तो पैसा विसरलेला बरा, आणि भाव त्याच हिशोबाने करावा.

बीएच मालिका

बीएच पाटीची गाडी बघितली की लोकांना वाटते, ही देशभर चालते म्हणजे भानगडच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने आणलेल्या या मालिकेत कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरला जातो. संरक्षण दलांतले, सरकारी नोकर, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती मिळते. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशी गाडी कोणालाही विकता येते, पण घेणारा या मालिकेला पात्र नसेल तर त्याला आपल्या राज्याचा साधा क्रमांक घ्यावा लागतो आणि राज्याचा कर भरावा लागतो. म्हणजे तीन वर्षांची बीएच गाडी शेजारच्या तीन वर्षांच्या एमएच गाडीच्या भावात घेतली तर तुम्ही काही हजार नव्हे, बऱ्याच गाड्यांत लाखाच्या आसपास जास्त मोजता, कारण एमएच गाडीच्या किमतीत पूर्ण कर भरलेला असतो आणि बीएचच्या किमतीत नसतो. पोर्टल इथे आपले काम चोख करते: 'टॅक्स अपटू' मध्ये तारीख दाखवते. ती उलटून गेली असेल तर आधी विकणाऱ्याकडून भरून घ्या.

नावावर करण्याचा अर्ज

पोर्टलचा हा भाग गेल्या काही वर्षांत खूप सुधारला आहे. राज्य निवडायचे, गाडीचा नंबर आणि चेसिस क्रमांकाची शेवटची पाच अक्षरे टाकायची, मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा, मालकी हस्तांतरणाची सेवा निवडायची, घेणाऱ्याचा पत्ता आणि विम्याची माहिती भरायची, शुल्क भरायचे, फॉर्म २९ आणि ३० छापून सह्या करून चढवायचे. आधारची ओळख पटवून हे काम आरटीओत न जाताही करण्याची सोय आहे, त्यासाठी विकणारा आणि घेणारा दोघांचेही आधार लागते. मोटारीचे नोंदणी शुल्क ६०० रुपये आणि हस्तांतरणाला त्याच्या निम्मे, म्हणजे ३००; स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. टपालखर्चासारखी किरकोळ भर धरूनही सरकारी खर्च एवढाच. एजंट चार-पाच हजार सांगतो तेव्हा त्यातले सरकारचे किती हे विचारण्यात संकोच नको.

अर्ज अडतो तो ठरलेल्या ठिकाणी. पहिले कारण मोबाइल क्रमांक: ओटीपी जातो आरसीशी जोडलेल्या क्रमांकावर, आणि दहा वर्षांपूर्वीच्या गाडीत तो शोरूमच्या माणसाचा किंवा एजंटाचा निघतो. विकणाऱ्याने आधी क्रमांक अद्ययावत करायला हवा, आणि त्यात आरसीवरचे नाव आधारशी जुळले नाही ("विठ्ठल" आणि "विठल") तर तेही अडते. सौदा ठरायच्या आधी विकणाऱ्याच्या फोनवर ओटीपी येतो का हे समोर बसून बघा. सगळ्या कागदपत्रांपेक्षा ही एक चाचणी जास्त वेळ वाचवते.

दुसरे कारण बोजा. कर्ज फिटले म्हणजे आरसीवरून बँकेचे नाव आपोआप जात नाही. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती देऊन ते उतरवावे लागते. तिसरे कारण पाट्या: १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी बसवलेली नसेल तर महाराष्ट्रात आरटीओची कामे थांबतात. मोटारीला ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे रक्कम मोठी नाही, पण तारीख मिळून बसवून होईपर्यंत दिवस जातात. आणि चौथे, पैसे कापले गेले पण पावती आली नाही. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर अडकलेला व्यवहार तपासण्याचा पर्याय आहे. बँकेकडून खात्री झाल्यावर पावती तिथूनच निघते.

मुदती लक्षात ठेवा, कारण पोर्टल त्यांची आठवण करून देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे. हे विकणाऱ्याच्या हिताचेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. गाडी हातोहात चार जणांकडे गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच मागितली जाते. कोरा फॉर्म २९ सही करून देण्याची आपल्याकडची पद्धत म्हणून दोघांनाही घातक आहे.

डीलर आणि जीएसटी

डीलरकडून घेताना आणखी एक कर येतो. दोन व्यक्तींमधल्या विक्रीत जीएसटी नाही. नोंदणीकृत डीलर मात्र आपल्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या फरकावर, जीएसटी भरतो. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या शिफारशीनंतर हा दर सर्व जुन्या मोटारींना १८ टक्के झाला. चार लाखांना घेतलेली गाडी साडेचार लाखांना विकली तर ५०,००० वर १८ टक्के, म्हणजे ९,००० रुपये. फरक नसेल तर कर नाही. ही बातमी आली तेव्हा पूर्ण किमतीवर १८ टक्के लागणार अशी भीती पसरली होती आणि काही ठिकाणी अजून तसे सांगून भाव चढवला जातो. साडेचार लाखांवर ८१,००० रुपये जीएसटी मागणाऱ्या बिलावर सही करू नका.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांनी आरटीओकडून अधिकृतता घेण्याची तरतूद लागू झाली. गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी ने कळवायचे असते. डीलरकडून घेताना त्याचे अधिकृतता प्रमाणपत्र बघा आणि त्या गाडीची ही सूचना दिली गेली आहे का विचारा. "आरसी ट्रान्सफर आम्ही करून देऊ" या आश्वासनाला तारीख आणि न झाल्यास रक्कम, दोन्ही लेखी हवीत.

विम्याचे एका वाक्यात: तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही.

पैसे देण्याचा क्रम या सगळ्यावरून ठरतो. नंबर तपासल्यावर टोकन. चलाने, बोजा, पाटी आणि थकीत कर विकणाऱ्याने मिटवल्यावर मोठा हिस्सा, तोही बँकेतून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे विकणाऱ्याला आयकर कायद्याने मना आहे. आणि किमतीच्या पाच-दहा टक्के रक्कम हातात राखून ठेवायची, ती पोर्टलवर मालकाच्या नावात आपली आद्याक्षरे आणि मालक क्रमांकात एकाची भर दिसेपर्यंत.